बुवा थांबायचा तेव्हा

ताई, लग्न होऊन बदलापूरला मांजर्लीच्या घरात आले तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती तुझी वाटायची.

सासू-सासरे गावाला. घरात दोन भाऊ, तू, तुझी लहानगी स्नेहल आणि आता मी. पहिल्याच दिवशी माझ्या नवऱ्याने मला बाजूला घेऊन समजावलं, "वहिनीजवळ भांडं आपटायचं नाही. जोरात हाक मारायची नाही. मागून जाऊन एकदम हात लावायचा नाही. तिच्या काळजात मशीन बसवलंय." मी अंबरनाथची, चाळीत आरडाओरड्यात वाढलेली. मला हळू बोलताच यायचं नाही. वाटलं, माझ्या हातून एक दिवस ताट पडणार आणि माझी जाऊ तिथल्या तिथे मरणार.

मग ती पहिली शांत दुपार. दोघे भाऊ कारखान्यात, स्नेहल बालवाडीत. तू आतल्या खोलीत आडवी झाली होतीस आणि मी तांदूळ निवडत होते. कुठेतरी घड्याळ टिकटिकत होतं. आवाज बारीक, पण एकदा कानात शिरल्यावर सुटेना. भिंतीवर घड्याळ नव्हतं. मांडणीवर नव्हतं. शोधत शोधत तुझ्या उशाशी आले आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी तशीच मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी जाऊन उभी राहिले. तू जागी होतीस, हे मला नंतर कळलं. "तू पळालीस तशा सगळ्याच पळतात," तू म्हणाली होतीस, "फक्त तू परत आलीस."

स्नेहलच्या बाळंतपणात तुझा जीव जाता जाता वाचला होता. तेव्हाच डॉक्टरांना कळलं की लहानपणीच्या कसल्याशा तापाने काळजाची एक झडप खराब झालीय. मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात छाती उघडून तिथे धातूची झडप बसवली. ती उघडझाप करताना वाजायची. ती वाजत राहावी म्हणून तुला रोज रक्त पातळ करायची गोळी घ्यावी लागायची. गोळी चुकली तर झडपेवर गाठ धरणार, जास्त झाली तर साधं खरचटलेलंही थांबता थांबणार नाही. दोन्हीकडून भीती. आपण उल्हासनगरहून जीन्स पँटींचे गठ्ठे आणायचो, शिलाईचे लोंबते धागे कापून परत द्यायचो. धारेची कात्री मी माझ्याकडे ठेवायचे, बोथट तुला. तुला ते आवडायचं नाही. पण तू कात्री मागितलीही नाहीस कधी.

बुवा आला तो त्या गठ्ठ्यांच्या वाटेनेच.

उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात गठ्ठे पोचवून येताना तू भीमगीतांची एक कॅसेट घेतलीस. स्वस्तातली, हाताने नाव लिहिलेली. दुपारी टू-इन-वनवर लावून आपण धागे कापत बसलो. गाणी संपली. नुसती खरखर सुरू राहिली, आणि उठून बंद करायचा दोघींनाही कंटाळा. तू हात धुवायला मोरीत गेलीस. तेवढ्यात त्या खरखरीतून एक सूर आला. मग दुसरा. कुणीतरी एकेक भांडं अगदी जपून, कुणाला जाग येऊ नये असं मांडणीवर ठेवावं, तसे ते सूर होते. पेटी नव्हती, सतार नव्हती. मला वाटलं आपल्या घरासाठीच कुणीतरी वाजवतंय. या घरात असंच वाजवायला हवं होतं.

तू मोरीच्या दारात ओल्या हातांनी उभी होतीस. मधेच तो वाजवणारा थांबला. फार वेळ थांबला. खोलीत फक्त तुझी टिकटिक. तुझा चेहरा बदलला. मग त्याने पुन्हा सुरू केलं, आणि थोड्याच वेळात टेप खाटकन बंद पडली.

"पुन्हा लाव," तू म्हणालीस. मला तू स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य.

पुढच्या खेपेला आपण दोघी त्या दुकानात गेलो. हासोमल नावाचा सिंधी माणूस, कपाटाएवढं दुकान, त्यात भिंतभर कॅसेटी आणि कॉप्या करायची यंत्रं. मी म्हटलं, "भाईसाब, हिच्यात शेवटी काहीतरी वेगळंच वाजतंय."

तो ओशाळला. "पुराना टेप आहे ना बेन. ऊपर से भरला, शेवटी थोडा राहून गेला. द्या, बदलून देतो."

"बदलू नका," तू एवढ्या जोरात म्हणालीस की मीच दचकले. "कोण आहे तो?"

हासोमलने टेबलाखालून एक रेकॉर्ड काढली. यंत्राचा वेग बरोबर आहे की नाही ते बघायला तो हीच रेकॉर्ड लावायचा. "गाण्यात टेप जरा इकडेतिकडे झाली, कोणाला कळत नाही. पियानो झूठ नहीं बोलता. लगेच आवाज डुगडुगतो." फोर्टच्या कुठल्याशा रशियन पुस्तकांच्या प्रदर्शनातून त्याने ती आणली होती. पाकिटावर एका टकल्या माणसाचा फोटो, डोळे मिटलेले, आणि खाली रशियन अक्षरं.

"नाव काय याचं?"

"कोणाला वाचता येतं? मी तर मास्टर बोलतो."

"बुवा," तू म्हणालीस. "कीर्तनाला बसल्यासारखा दिसतोय." तिथून तो बुवा झाला. हासोमलसुद्धा पुढे बुवाच म्हणायला लागला.

त्या दिवशी त्याने ती रेकॉर्ड सगळी लावली. बाहेर हातगाड्यांची ओरड, टेम्पोचे हॉर्न. एक गिऱ्हाईक सिनेमाच्या गाण्यांसाठी आलं, त्याला हासोमलने हातानेच थांबवलं, "रुको, बीच में नहीं." आपण गठ्ठ्यांची रिकामी फडकी कवटाळून उभ्या होतो. संपल्यावर हासोमल चष्मा पुसत म्हणाला, "दस साल से बजा रहा हूँ. आज पहिल्यांदा कोणी पूछा." त्याने आपल्याला चांगल्या टेपवर ती सगळी भरून दिली.

मग आपलं ते भांडण सुरू झालं. बुवाच्या त्या थांबण्यावरून. मला ती जागा सगळ्यात जास्त आवडायची. वाटायचं, आता हा काहीतरी सांगणार आहे आणि सांगू की नको म्हणून घुटमळतोय. तू चिडायचीस.

"तुला आवडणारच. तुझं आत काही वाजत नाही. तो वाजवत असतो तोवर मला माझा आवाज ऐकू येत नाही. तेवढीच मला सुट्टी. आणि हा मेला मधेच थांबतो आणि मला एकटीला सोडून देतो."

"पण परत सुरू करतो ना."

"दरवेळी करेल कशावरून?"

"टेप आहे ती ताई! दरवेळी तेच असणार."

"तरीपण," तू म्हणायचीस.

तेव्हा मी हसले होते. मग मांजर्लीत पाणी शिरलं आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

पाऊस कितीतरी दिवस लागून होता. उल्हास नदी फुगलीय असं लोक सांगत होते, पण दरवर्षीच सांगायचे. पाणी दारातून आलंच नाही आधी. ते मोरीतून उलटं वर आलं, काळं, गुडगुडत. मी फडकं लावायला वाकले आणि बघते तर पुढच्या खोलीतही पायाला ओल. दोघे भाऊ आनंदनगरच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेलेले. मी स्नेहलला काखेत मारलं. तू गादीची वळकटी उचलायला वाकलीस, आणि माझ्या तोंडातून किंकाळीच निघाली, "ताई, टाक ती! तू वर जा! तू आधी वर जा!"

तोपर्यंत मी तुला तुम्ही म्हणायचे. घाबरून तू म्हटलं, आणि ते तसंच राहिलं. तू नंतर कधी हटकलं नाहीस. आज तुला तू म्हणून लिहितेय ते त्या पाण्याच्या जोरावर.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं. तुला तो एक जिना चढायला किती वेळ लागला. दर दोन पायऱ्यांना कठडा धरून उभी राहायचीस आणि खाली वळून बघायचीस, पाणी किती चढलंय ते. वर पोचल्यावर तू ओठ आवळून बसलीस. मग म्हणालीस, "गोळ्या खाली राहिल्या."

मी खाली उतरले. तू नको म्हणत होतीस. कमरेच्या वर पाणी, त्यात आपलं कपाट आडवं होऊन भिंतीला धडका देत होतं. दिवे गेलेले. मी पाण्यात हात घालून चाचपत होते आणि प्रत्येक मऊ गोष्ट हाताला लागली की साप वाटायची. गोळ्यांचा डबा सापडला तेव्हा रडू आलं. वर आणून उघडला तर आत नुसता लगदा.

ती गोळी बदलापुरात मिळायची नाही. मुंबईहून आणावी लागायची. गाड्या बंद, रस्ता बंद. दोघे भाऊ कारखान्यातच अडकलेले, त्यांचा निरोप नाही. आणि डॉक्टरांचं ते वाक्य तुला पाठ होतं, मलाही तू पाठ करून दिलं होतंस. झडपेचा आवाज दबला तर घरी बसू नका.

"सुनी, ऐक गं जरा. तसाच आहे ना?"

मी तुझ्या छातीला कान लावला. तसाच होता. टिक, टिक. थोड्या वेळाने पुन्हा. "आता ऐक." काकू खिचडी वाढत होत्या, स्नेहल झोपली होती, आणि मी पुन्हा कान लावून. तू म्हणालीस, "मला कळत नाही गं. माझे कानच घाबरलेत. तूच ऐक." ताई, त्या दिवसांत मी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात कधी नाही. एका ठोक्यानंतर दुसरा येईपर्यंत मी श्वास धरायचे. एवढंसं अंतर ते. तू बुवावर का चिडायचीस ते मला त्या घरात, तुझ्या छातीवर डोकं ठेवून कळलं.

पाणी ओसरायला लागलं त्या पहाटे आवाज बदलला. आधी काचेवर नख वाजावं तसा यायचा, आता पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा. मी तीनतीनदा ऐकलं. तू माझं तोंड बघत होतीस.

"बदलला ना?"

"हो ताई. चल."

गल्लीत अजून गुडघाभर चिखल होता. वीटभट्टीचा एक ट्रॅक्टर माणसं हायवेपर्यंत नेत होता, त्यावर तुला बसवलं. पुढे एका दुधाच्या टेम्पोवाल्याने कल्याणपर्यंत सोडलं. वाटेत माझं मनगट असं धरलं होतंस की नखांचे वण कित्येक दिवस राहिले. इस्पितळात त्यांनी रक्त पातळ करायची सुई लावून ठेवली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. आवाज बदलल्याचं कुणाला कळलं? तू मास्क बाजूला करून माझ्याकडे बोट दाखवलंस आणि म्हणालीस, "हिचे कान बुवाने तयार केलेत." डॉक्टरांना वाटलं, कुणी अंगात येणारा बुवा. ते नाराज झाले. तू आजारपणातसुद्धा हसलीस, आणि मी मात्र बाहेर बाकावर बसून जी थरथरायला लागले ती भाऊजी येईपर्यंत.

आपल्या भांडणाने तिथून बाजू बदलल्या, आठवतं? कॅसेटी सगळ्या चिखलात गेल्या होत्या. हासोमलने नवी भरून दिली. पण आता बुवा थांबला की मला सोसवायचं नाही, मी उठून पाणी प्यायला जायचे. आणि तू म्हणायचीस, "बस खाली. ऐक. काय थांबतोय बघ." मी विचारलं, आता तुला भीती नाही वाटत? "वाटते की. पण आता एकटीला नाही वाटत." असं म्हणून तू पुन्हा धागे कापायला लागलीस. मला त्यावर काहीतरी बोलायचं होतं. बोलले नाही. आपल्याकडे कुठे असं बोलतात?

मग रशिया फुटल्याच्या बातम्या आल्या. शेजारच्यांच्या टीव्हीवर रणगाडे दिसायचे, बर्फात ब्रेडसाठी उभ्या म्हाताऱ्या दिसायच्या. आपण दोघी जाऊन त्या गर्दीत बुवाला शोधायचो. "याच्या हाताला थंडी लागत असेल गं," तू म्हणायचीस. भाऊजी वैतागायचे, "अरे, तुमचा कोण लागतो तो?" हासोमल पण काळजीत. "बेन, हमने भी देश टूटते देखा है. घर सोडून आलो. ऐसे टाइम पे बाजेवाले को कौन पूछता है?" पहिल्यांदाच त्याने त्याच्या सिंधचं नाव काढलं होतं. मग कितीतरी वेळ तो यंत्राची धूळ पुसत राहिला.

म्हणून, काही वर्षांनी तो पेपरातला तुकडा घेऊन हासोमल थेट बदलापूरला, आपल्या दारात आला तेव्हा मला वाटलं, बुवा गेला. तो धापा टाकत होता. तुकड्यात तोच टकला फोटो. "जिंदा है! बंबई आ रहा है!"

कार्यक्रमाचे पास फुकट होते. हासोमलने दोन आणले, आपल्या दोघींसाठी. त्याला स्वतःला मिळाला नाही, की त्याने घेतला नाही, कोण जाणे. मी आनंदाने नाचायची बाकी होते, आणि तू पास हातात धरून म्हणालीस, "मी नाही येणार."

तू कारण सांगेनास. जिने असतील, दम लागेल, स्नेहलची परीक्षा. मी एकेक खोडून काढलं. शेवटी रडवेली होऊन म्हणालीस, "सुनी, तिथे सगळे गप्प बसतात म्हणे. खोकतसुद्धा नाहीत. तो थांबेल ना, तेव्हा माझं हे वाजेल. सगळ्यांना ऐकू जाईल. त्याला पण ऐकू जाईल."

मला हे सुचलंच नव्हतं.

तरी आपण गेलो. तू आतून कापसाची घडी बांधली होतीस, वरून साडीचा पदर दुहेरी, त्यावर शाल. मुंबईच्या उकाड्यात शाल! दुपारच्या रिकाम्या गाडीत तू मला दहादा विचारलंस, "येतोय का आवाज?" मी दहादा नाही म्हटलं. हॉलमधली माणसं बघून मला वाटलं आपल्याला बाहेर काढतील. अत्तरं, मोत्याच्या माळा, इंग्रजी. आपण मधल्या रांगेत अंग चोरून बसलो. बुवा आला. केवढासा होता गं तो! कोट ढगळा, चाल रेशनच्या रांगेत निघाल्यासारखी. तू माझ्या कानात म्हणालीस, "वाळलाय."

आणि त्याने हात ठेवले. टेपवर जे ऐकत होतो ते त्याच्या सावलीसारखं होतं, हे तेव्हा कळलं. पण मला धड ऐकता येत नव्हतं, तुलाही नाही. आपण दोघी त्याची बोटं थांबायची वाट बघत होतो, चोर पोलिसाची बघतो तशी. आणि थांबली. टिक. टिक. टिक. माझ्या कानाला ती हातोडीसारखी वाटली. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मान वळवली. तुझ्या मनगटाकडे बघितलं, मग माझ्या. दोन्ही रिकामी. त्यांनी कपाळाला आठी घातली. तू शाल छातीवर दाबून धरलीस, इतकी की मला वाटलं हिचा श्वास कोंडेल.

मध्यंतर झालं तशी तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, "आता नाही. तू जा आत."

"मी एकटी नाही जाणार."

"माझ्यासाठी तू का सोडतेस? जा म्हणते ना!"

"नाही जाणार."

घंटा झाली. दारावरचा पट्टेवाला, मालवणी असावा, म्हणाला, "वैनीनू, आत बसा ना. दार लावतंय." तू त्याला सरळ सांगून टाकलंस, "माझ्या काळजात झडप बसवलीय. ती वाजते. लोकांना त्रास होतो." त्याने आपलं स्वतःचं स्टूल तुझ्यापुढे सरकवलं आणि दार पुरतं न लावता बोटभर फट ठेवली.

त्या फटीतून आपण ऐकत बसलो. आणि शेवटी, टाळ्या पडून गेल्यावर, बुवा परत बसला आणि त्याने आपल्या दोघींचं ते सुरू केलं. भीमगीतांच्या खालून आलं होतं ते. तू स्टुलावरून उठलीस. मला वाटलं दम लागला. तू एका हाताने दार ढकललंस आणि आत गेलीस. अंधारात, मागच्या भिंतीला टेकून उभी राहिलीस. मी तुझ्या मागे. तुझी बोटं माझ्या बोटांत होती. ती जागा जवळ जवळ येत होती. तू शाल काढून हातावर टाकलीस.

बुवा थांबला. दोन्ही हात वर. एवढी माणसं आणि कुणाचा श्वास नाही. आणि त्या सगळ्यात तुझी ती टिकटिक, उघडी. कुणी वळलं नाही. तू मला घट्ट धरून उभी राहिलीस, पण हललीस नाहीस. मग त्याने हात खाली आणले.

येताना भांडलो ते वेगळंच. तू म्हणालीस, तो टेपपेक्षा जास्त वेळ थांबला, त्याला ऐकू आलं. मी म्हटलं, म्हातारा झालाय, पुढचं आठवत नसेल. तू म्हणालीस, "तुला काही कळत नाही." अंबरनाथ आलं तरी तेच. हासोमललाही पंच केलं, त्याने हात जोडले. ते भांडण आपण कधीच मिटवलं नाही. ताई, आता सांगते. मलाही वाटतं, त्याला ऐकू आलं. पण मी लगेच मान्य केलं असतं तर तू एवढं बोलत राहिली नसतीस.

चार दिवसांपूर्वी दुपारी तू मटार सोलत होतीस. मला हाक मारलीस ती नेहमीपेक्षा हळू. मी आले तर ओठ निळे. रिक्षा मिळाली, उल्हासनगरच्या इस्पितळाकडे निघालो. तुझं डोकं माझ्या मांडीवर. मी कान लावायला वाकले आणि रिक्षाच्या फटफटीत मला काही ऐकू येईना. मी रिक्षावाल्याला ओरडले, "बंद करा ती, बंद करा!" त्याला वाटलं, थांबायला सांगतेय. मग मीच ओरडले, "थांबू नका, चला!" काय करावं कळत नव्हतं. तू डोळे उघडलेस.

"सुनी, भीती वाटते गं."

माझ्याकडे धीराचे शब्द असायला हवे होते. मी म्हटलं, "मला पण, ताई."

तू माझी बोटं दाबलीस. अंबरनाथच्या पुलाअलीकडे ती सैल झाली.

आज सकाळी तुझं पुण्यानुमोदन झालं. भंतेजींनी वंदना घेतली, पांढऱ्या कपड्यांत सगळे बसले. हासोमल मागे दाराशी बसला होता, डोक्यावर रुमाल टाकून. एकामागून एक उठून बोलले. तू कष्टाळू, तू सोशिक. एक जण म्हणाले, पुष्पाताईंनी एवढं मोठं दुखणं काढलं पण त्यांना कधी घाबरलेलं कुणी पाहिलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खाली बघत बसले.

माणसं पांगली, दिवेलागण झाली. मी उष्टी भांडी घासत होते. स्नेहल येऊन माझ्या शेजारी बसली. आता दहावीला जाईल ती, तुझ्याएवढी उंच झालीय. या चार दिवसांत एकदाही रडली नव्हती.

"काकू, ते म्हणाले ते खरंय? आई कधीच घाबरायची नाही?"

खरं सांगू, हो म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. लेकराला तेवढाच आधार. पण तू मोरीच्या दारात उभी राहून बघतेयस असं वाटलं.

"नाही बाळा. रोज घाबरायची."

"रिक्षात पण?"

"रिक्षात पण. मला म्हणाली, भीती वाटते."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, मला पण."

साबणाचा फेस माझ्या हातावर वाळून गेला. मग तिचा आवाज फुटला. "काकू, मला आईच्या खोलीत जायला भीती वाटते. दप्तर, वह्या सगळं आत आहे. चार दिवस मी काहीच काढलं नाही. कुणाला सांगणार? सगळे म्हणतात, शूर आईची मुलगी." आणि ताई, ती रडायला लागली. किती रडली. मी ओल्या हातांनीच तिला धरून ठेवलं.

मग मी हात पुसले. म्हटलं, "चल."

"तुला नाही भीती वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर तुला नेतेय."

तिने माझा हात धरला. दारापाशी ती थांबली, मीही थांबले. मग मी आत हात घालून दिव्याचं बटण चाचपलं. दिवा लागला. खोलीत कुणी नव्हतं. आम्ही दोघी आत जाऊन बसलो.